मोफत मणका तपासणीतून आईच्या नावावर ५२ हजारांचं कर्ज

कोथरूड-कर्वेनगर भागात ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत आणि सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये ‘मोफत मणका तपासणी शिबिर’ भरवणाऱ्या एका कायरोप्रॅक्टिक (म्हणजे हाताने मणक्यांना दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्या) क्लिनिकने माझ्या आईला ५२ हजार रुपयांना फसवलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून क्लिनिकचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते, कारण उद्या पाटी बदलून हेच दुसरीकडे चालू होईल. या लोकांनी खोटं संशोधन दाखवलं नाही. खरंखुरं, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेलं संशोधन भिंतीवर लावलं आणि त्यात नसलेलं त्याच्या तोंडी घातलं. शिकलेली माणसंही तिथे गप्प बसतात ती त्यामुळेच.

आई ६७ वर्षांची. आमवात जुना आहे, त्यासाठी मेथोट्रेक्सेट आणि अधूनमधून स्टेरॉइडची गोळी चालू असते. गेल्या वर्षी कंबर धरली आणि तिचं सकाळचं पर्वती चढणं बंद पडलं. तेच तिला फार लागलं होतं. संघातल्या मैत्रिणींबरोबर ती शिबिराला गेली.

तिथे तिला भरायला दिलेला फॉर्म माझ्याकडे आहे. नाव, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’, ‘घरात आणखी कोणाला पाठदुखी आहे का’ असे रकाने आहेत. कोणती औषधं चालू आहेत, हाडं ठिसूळ आहेत का, कधी कॅन्सर झाला होता का, लघवीवरचा ताबा गेलाय का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, यातलं काहीही विचारलेलं नाही. पाठीला हात लावण्याआधी कुठलाही फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर हे विचारतोच.

मग पायांची तपासणी. तिला बुटांसकट टेबलावर पालथं झोपवलं. पांढरा कोट घातलेल्या माणसाने दोन्ही टाचा हातात धरल्या आणि म्हणाला, “काकू, तुमचा उजवा पाय अर्धा इंच आखूड झालाय. या, बघा सगळ्यांनी.” खरंच आखूड दिसत होता. मग कंबरेवर एक स्प्रिंगचं हत्यार टकटक वाजवलं, पुन्हा टाचा धरल्या, आणि दोन्ही पाय सारखे! सभागृहात टाळ्या पडल्या. याचा व्हिडिओ क्लिनिकनेच काढून रील म्हणून टाकला होता. मी तो थांबवून थांबवून पाहिला. पहिल्या वेळी त्याचा अंगठा उजव्या बुटाच्या तळव्याला टेकून वर दाबत होता आणि डावा बूट टाचेकडून किंचित ओढलेला होता. दुसऱ्या वेळी अंगठा निघालेला होता. माझ्या भावाने घरी माझ्यावर हेच करून पाहिलं. पट्टी लावून मोजलं तर वाटेल तसा फरक पडत होता, नुसतं ढुंगण जरा सरकवलं तरी.

यावर कायरोप्रॅक्टिकच्याच नियतकालिकात २००५ साली एक आढावा छापून आलेला आहे. पायांच्या लांबीत थोडाफार फरक साधारण ९० टक्के लोकांत असतो, सरासरी ५.२ मिलिमीटर, आणि तो सुमारे २० मिलिमीटरपर्यंत जाईस्तोवर बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, असं त्यात म्हटलंय. म्हणजे आईचा पाय खरोखर अर्धा इंच आखूड असता, तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये एक्स-रे झाला. त्यावर लाल पेनाने रेघा मारून ‘गादी झिजली’, ‘मणका सरकला’, ‘वेळीच नाही केलं तर व्हीलचेअर’ असं आईला सांगितलं. झीज होतीच. २०१५ साली ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात साठीतल्या ८८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. सांगायचं तात्पर्य, या वयात झीज दिसली यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही आणि व्हीलचेअर तर मुळीच येत नाही. साठी ओलांडलेल्या बाईला हा शब्द ऐकवणं हा मला यातला सगळ्यात निर्दय भाग वाटतो. त्या रात्री आई झोपली नाही.

आता भिंतीवरच्या फ्रेमा. रिसेप्शनच्या मागे तीन शोधनिबंधांची पहिली पानं मोठी करून लावलेली होती, काही ओळींवर पिवळा मार्कर. खाली मराठीत ‘अमेरिकन लष्कराने सिद्ध केलेली पद्धत’ वगैरे. मी तिन्हींचे फोटो काढले आणि घरी येऊन पूर्ण निबंध वाचले.

पहिला होता २०१८ चा, अमेरिकेच्या ७५० सैनिकांवरचा. निम्म्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार, निम्म्यांना तेच उपचार अधिक कायरोप्रॅक्टिक. सहा आठवड्यांनंतर दुसऱ्या गटाला जास्त आराम होता, हे खरं. किती जास्त? दहाच्या मोजपट्टीवर दुखणं सुमारे एका अंकाने कमी. सैनिकांचं सरासरी वय ३१ च्या आसपास, सगळे नोकरीत असलेले, आणि त्यांना सहा आठवड्यांत जास्तीत जास्त १२ वेळा उपचार मिळाले. आमवात असलेल्या ६७ वर्षांच्या बाईबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. आणि ‘नेहमीचे उपचार चालू ठेवून’ हा भाग मार्करच्या बाहेर राहिला होता. आईला तर तिथे गोळ्या हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं होतं!

दुसरा निबंध स्वीडनचा, तोही २०१८ चा, ३२८ रुग्णांचा. त्यावरून ‘बरं वाटल्यावरही नियमित येत राहा’ असं पटवतात. त्या अभ्यासात नियमित येणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे साधारण १३ दिवस कमी झाले, आणि त्यासाठी त्यांना दुखल्यावरच येणाऱ्या गटापेक्षा सरासरी फक्त १.७ भेटी जास्त लागल्या. वर्षात दोनसुद्धा नाही! शिवाय सुरुवातीच्या उपचारानेच ज्यांना चांगला आराम पडला होता अशांनाच त्यात घेतलं होतं.

तिसरा २०१९ चा मोठा आढावा, ४७ चाचण्या, ९,२११ माणसं. जुनाट कंबरदुखीत मणक्यावरच्या हस्तोपचाराचा परिणाम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच होतो, असा त्याचा निष्कर्ष. चांगली गोष्ट आहे ही. मी कायरोप्रॅक्टिकच्या विरोधात लिहीत नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हस्तोपचाराला जागा आहे, फक्त व्यायामाच्या जोडीने. पण ‘व्यायामाइतकाच’ याचा अर्थ ‘शस्त्रक्रिया टळणार, गोळ्या सुटणार, गादी जाग्यावर येणार’ असा कोणी काढला तर ती फसवणूकच आहे.

जो निबंध भिंतीवर हवा होता तो नव्हता. २०१४ साली अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकच्याच संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला: किती सिटिंग पुरेत? सहा आठवड्यांत कोणाला ०, कोणाला ६, कोणाला १२, कोणाला १८ वेळा मणक्यावर उपचार, उरलेल्या भेटींत हलका मसाज. सर्वांत जास्त फायदा १२ ला दिसला, १८ ने त्यात भर पडली नाही, आणि एकूण फायदाही माफकच. आईला लिहून दिलं होतं ४८ सिटिंगचं पॅकेज. “आज केलं तर ५२ हजार, उद्यापासून ८० हजार.”

पैसे घ्यायची रीत नीट समजून घ्या. आईकडे एवढे पैसे हाताशी नव्हते. रिसेप्शनवरच्या मुलीने ‘नो कॉस्ट ईएमआय करून देते काकू’ म्हणून आईचाच फोन घेतला, आधार-पॅनचे फोटो काढले, दोन-तीन ओटीपी विचारले आणि झालं. एका फायनान्स ॲपवर आईच्या नावे कर्ज निघालं आणि पूर्ण रक्कम थेट क्लिनिकच्या खात्यात गेली. क्लिनिकचा हिशेब त्याच दिवशी पुरा झाला. हप्ते मात्र आईच्या पेन्शनमधून. उपचार आवडो न आवडो, क्लिनिक उद्या बंद पडो, कर्ज आईचंच. पावतीवर ‘उपचार’ हा शब्द नाही. ‘वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल’ असं छापलंय.

सुरुवातीच्याच एका सिटिंगला त्यांनी आईची मान, बोटं मोडतात तशी, फिरवून मोडली. मोठा आवाज झाला, त्याचाही व्हिडिओ काढला. तो आवाज हाड जाग्यावर बसल्याचा नसतो. २०१५ साली बोटाचा सांधा ओढताना थेट एमआरआयमध्ये पाहिलं गेलं, तेव्हा सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते त्याच क्षणी आवाज येतो असं दिसलं. आईला घरी येईपर्यंत गरगरायला लागलं. फोन केला तर “टॉक्सिन्स बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे.” मी तिला तडक संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडू शकतात. अशी मान झटका देऊन फिरवली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मणका अस्थिर असेल तर झटक्याचा उपचार करायचा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या कायरोप्रॅक्टिकविषयक सूचनांतही आहे. मान वाकवून आणि ताठ करून एक्स-रे काढले. सुदैवाने ठीक निघाले.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा मी त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारला. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे होते, डॉक्टरांची वैद्यकीय परिषदेकडे. कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात अशी कायद्याने स्थापन झालेली परिषदच नाही. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने आहे, आणि तिथल्या परिषदेने २०१० सालीच जाहीर केलं की ‘मणका सरकल्याने रोग होतात’ या १८९५ पासून चालत आलेल्या कल्पनेवर दावे करता येतील असा संशोधनाचा पुरावा नाही. आपल्याकडे मात्र परदेशी ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून नावामागे ‘डॉ.’ लावलं तर गिऱ्हाइकाला तपासायला जागाच नाही. म्हणून नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, हे फोनवरच विचारा. आम्हाला उत्तर मिळालं, “ताई, आमचं इंटरनॅशनल आहे.” पैसे मिळणार नाहीत, हवं तर उरलेल्या सिटिंग घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करून देतो, म्हणाले.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर सूर बदलला. २० हजार परत देऊ, पण ‘कोणतीही तक्रार नाही, समाजमाध्यमांवर काही लिहिणार नाही’ असं लिहून द्या. आईनेच नाही म्हटलं. मग पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार केली. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सेवेबद्दल खोटी माहिती देऊन गिऱ्हाईक ओढणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

अशा शिबिरातून तुमच्या घरी कोणाच्या नावावर कर्ज निघालं असेल तर आधी ॲपवरचा कर्जाचा करार उतरवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार सुरुवातीला दंड न भरता बाहेर पडायची मुदत द्यावी लागते आणि ती करारात लिहिलेली असते. ती फार थोडी असते, म्हणून त्याच दिवशी बघा. पावती, तपासणीचा फॉर्म, एक्स-रेवरच्या लाल रेघा, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि त्यांनी टाकलेला तुमचा व्हिडिओ, हे सगळं पैसे परत मागायला जाण्याआधी स्वतःकडे घ्या. नोटीस मिळाल्यावर त्यांनी आईची रील काढून टाकली. आम्ही ती आधीच उतरवली होती, आणि तक्रारीला पुरावा म्हणून तीच जोडली आहे.