व्हिडिओ एडिटिंगला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का? सीमाभागातल्या लग्नसराईनंतरचा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लग्नाचं एडिटिंग सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कार्ड कितीचं घालू?" त्याआधी कॅमेऱ्यातून फाइल कुठली येते ते सांगा, कार्डाचं मग बघू.

मशीन असं: इंटेल कोअर आय५-१३५००, १६ जीबीच्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी. सराईचे सुरुवातीचे महिने कार्डाशिवाय, नंतर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड, १२ जीबी. काम प्रीमियरवर आणि डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओवर.

नुसत्या कापाकापीला कार्ड लागलं नाही. कट, साधं कलर, टायटल (आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही), गाणं बसवणं, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायचा नेहमीचा प्रकार) मध्ये एक्सपोर्ट, हे सगळं प्रोसेसरमधल्या यूएचडी ७७० ग्राफिक्सवर निभतं. त्यात क्विक सिंकची (व्हिडिओ उघडायची-बनवायची इंटेलची हार्डवेअर सोय) दोन व्हिडिओ इंजिनं आहेत. आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० मध्ये एकच. दोन-तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम लावली की हा फरक जाणवतो. रॅम मात्र दोनच घ्या, एक मोठी नको. हे ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, एकेरी रॅमवर गुदमरतं.

खरी गंमत १०-बिट ४:२:२ (रंगांची माहिती जास्त साठवणाऱ्या) फुटेजमध्ये आहे. एच.२६५ (एच.२६४ नंतरचा प्रकार) मधलं असं फुटेज क्विक सिंक इंटेलच्या ११व्या पिढीपासून सहज उघडतं. एनव्हिडियाच्या कार्डांना हे ५० सिरीजपासूनच जमायला लागलं. म्हणजे ३०६० बसवल्यावरही ती फाइल टाइमलाइनवर पळवतं ते प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्सच. म्हणून नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर एडिटिंगला घेऊ नका. थोडे पैसे वाचतात, पण क्विक सिंक जातं.

सोनीवाल्यांचा घोळ वेगळा. कॅमेऱ्यातला एक्सएव्हीसी एस ४के हा फाइलचा प्रकार म्हणजे एच.२६४. त्यातलं १०-बिट ४:२:२ ना हे क्विक सिंक उघडतं, ना ३०६०. सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. अक्षता पडतानाचा तीन कॅमेऱ्यांचा भाग अडकत अडकत चालतो आणि दोष कार्डाला लागतो. एक्सएव्हीसी एचएस (एच.२६५) वर शूट केलं की प्रश्न सुटतो, पण सोनीच्या ए७ फोरवर पाल (२५/५० फ्रेमची सेटिंग) ठेवल्यास ४के एचएसमध्ये २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० घ्यावे लागतात, मेमरी कार्ड लवकर भरतं. शूट होऊन गेलं असेल तर रात्री ७२०पीच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) लावून झोपा. नवं कार्ड घेण्यापेक्षा हे स्वस्त. अडचण कुठे आहे ते पाहायला टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डिकोड' आलेख उघडून टाइमलाइन चालवा. आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर तुमची फाइल हार्डवेअरवर उघडतच नाहीये.

मग कार्डाने पैसे कुठे वसूल केले? शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत. रात्रीचं शूट, आयएसओ वर चढवलेला, एलईडीचा फ्लिकर (लुकलुक), अंधारात गुलालासारखा उडणारा नॉइज (दाणे). रिझॉल्व्हमधलं टेम्पोरल नॉइज रिडक्शन आणि डीफ्लिकर (दोन्ही फक्त स्टुडिओ आवृत्तीत) यूएचडी ७७० वर लावलं की प्रीव्ह्यू थिजतो. ३०६० वर काम बसल्या बसल्या उरकतं. टेम्पोरल नॉइज रिडक्शन पुढच्या-मागच्या फ्रेमही मेमरीत धरतं, म्हणून ४के टाइमलाइनवर ८ जीबी कार्ड 'जीपीयू मेमरी फुल' म्हणू शकतं. इथे ८ जीबीच्या ४०६० पेक्षा १२ जीबीचं जुनं ३०६० बरं. प्रीमियरच्या वॉर्प स्टॅबिलायझरला मात्र कार्डाचा फारसा उपयोग नाही. त्याचं अॅनालिसिस प्रोसेसरच करतो.

बसवताना तीन गोष्टी. कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात आणि क्विक सिंक गायब होतं. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा 'इंटरनल ग्राफिक्स' चालू करा, मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली डिकोडिंगला इंटेलची खूण आहे ना ते बघा. मॉनिटरची केबल कार्डालाच. दुसरं, एसएमपीएस (पॉवर सप्लाय): ३०६० ला १७० वॉट लागतात, एनव्हिडिया ५५० वॉटचा सांगते. ८-पिन वायर नाही म्हणून दुकानदार साटा कन्व्हर्टर देऊ लागला तर नको म्हणा. साटाचा कनेक्टर ५४ वॉटचा, ८-पिन १५० चा, साटाचा वितळू शकतो.

तिसरं वीज. वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल नेम नसतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. कार्डाचे १७०, प्रोसेसर जोरात असताना १५० च्या आसपास, वर मॉनिटर. रेंडर चालू असताना लाइट गेली की यूपीएस ओरडून बंद पडतो. ६०० वॉटचा (व्हीएचा नव्हे) घ्या. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुरळीत खेचणारी सर्किट असलेले) एसएमपीएस मध्येच बंद पडू शकतात, त्यामुळे साइन वेव्हच.

हळदी, साखरपुडे आणि दिवसाची लग्नं एवढंच काम असेल तर कार्डाचे पैसे एसएसडीत आणि यूपीएसमध्ये घाला. मिरवणुका, रात्रीच्या वराती, सिनेमॅटिक हायलाइट करत असाल तर १२ जीबीचं कार्ड घ्या. मधलं स्वस्त काही, म्हणजे जीटी १०३० वगैरे, घेऊ नका. त्यात व्हिडिओ एक्सपोर्ट करणारा एन्कोडरच नाही, यूएचडी ७७० त्याहून कामाचं.