निवृत्त बेसबॉलपटूंची सही: टपालाने मागवावी, विकत घ्यावी की समोर जाऊन घ्यावी?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुले लिटल लीगमध्ये खेळू लागली की काही दिवसांतच बेसबॉल कार्डांचे डबे साठू लागतात, आणि त्यांपैकी एखाद्या कार्डावर त्या खेळाडूची सही मिळवायची कशी, हा प्रश्न मुलांइतकाच पालकांनाही पडतो. त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. खेळाडूला कार्ड टपालाने पाठवून ते सही होऊन परत येण्याची वाट पाहणे हा पहिला, कार्डे छापणाऱ्या कंपनीने किंवा सह्या तपासणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेले सहीचे कार्ड विकत घेणे हा दुसरा, आणि एखाद्या प्रदर्शनात किंवा सराव शिबिरात खेळाडूला गाठून समोर सही घेणे हा तिसरा. मी तिन्ही मार्ग वापरतो आणि माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या निवृत्त खेळाडूंची नावे आज फारशी कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी टपालासारखा मार्ग नाही. अतिशय गाजलेल्या नावांसाठी मात्र टपालावर विसंबून राहू नये.

आधी खर्च पाहू, कारण फरक तिथेच सर्वांत मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एक औंसापर्यंतच्या साध्या पत्राचे तिकीट ७८ सेंट झाले. जाताना एक आणि परतीच्या पाकिटावर एक अशी दोन तिकिटे धरली, तर त्या दराने खर्च दीड डॉलरच्या थोडे वर जाते. कार्ड घरातलेच असते, पाकिटे किरकोळ किमतीची असतात. याउलट प्रदर्शनात सहीसाठी टेबलाशी उभे राहायचे, तर सामान्य खेळाडूसाठीही बहुधा याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, आणि हॉल ऑफ फेममधले, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात निवडले गेलेले, नाव असेल तर आकडा सहज तीन अंकी होतो. प्रमाणित कार्डांच्या बाबतीत गणित थोडे विचित्र आहे, कारण साधारण खेळाडूचे प्रमाणित कार्ड कधीकधी अगदी स्वस्तात मिळून जाते आणि पत्र पाठवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ते घेऊन टाकणे सोयीचे वाटते. ज्याला केवळ सही हवी आहे, त्याने तसे खुशाल करावे.

टपालाचा मार्ग वरवर सोपा दिसतो, पण त्यात हात बसायला वेळ लागतो. लांबट, नंबर दहाची दोन पाकिटे घ्यावीत. एकावर आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून त्याची तीन घड्यांची पट्टी करावी आणि पत्र व कार्डासह ती दुसऱ्या पाकिटात घालावी. कार्ड वाकू नये म्हणून अनेक नवशिके ते टॉपलोडर म्हणतात त्या कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात घालतात. तसे करू नये, कारण कडक पाकीट टपाल खात्याच्या यंत्रातून नीट जात नाही, त्यावर जादा आकार पडतो आणि तिकीट कमी पडले तर ते परत येते किंवा पलीकडच्या वृद्ध गृहस्थाला भुर्दंड बसतो. सिरियलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कार्डाच्या मापापेक्षा किंचित मोठा कापून त्याच्या दुमडीत कार्ड ठेवले की काम भागते. मऊ प्लॅस्टिकची पिशवीही मी घालत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या थरथरत्या बोटांना त्यातून कार्ड बाहेर काढणे आणि ओल्या शाईसकट परत आत सरकवणे किती कठीण जात असेल, हे लक्षात घेतले की पिशवी नकोच वाटते. परतीच्या पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खेळाडूचे नाव बारीक अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे सात-आठ महिन्यांनी पाकीट आले तरी ते कोणाचे, हे लगेच कळते.

पत्र हाताने लिहिलेले आणि एका पानात संपणारे असावे. त्या खेळाडूच्या कारकिर्दीतली एक नेमकी गोष्ट त्यात आली पाहिजे, आणि ती शोधायला लांब जावे लागत नाही, कारण कार्डाच्या मागच्या बाजूला त्याचे वर्षवार आकडे छापलेलेच असतात. मुलाला ते वाचायला लावावे. एखाद्या वर्षी चेंडूफेकीची सरासरी अचानक का सुधारली, असा प्रश्न त्याला पडला की पत्राचा मजकूर तयार झालाच म्हणून समजा. एका वेळी दोनपेक्षा जास्त कार्डे पाठवू नयेत. दहा-दहा कार्डांचा गठ्ठा आला की ती विकण्यासाठी मागवली आहेत, असा संशय येतो, आणि तो बहुतेक वेळा खराही असतो.

कोणती कार्डे पाठवावीत, या बाबतीत टपालाचा मार्ग एका जुन्या चुकीचा छान उपयोग करून घेतो. १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० च्या दशकाची सुरुवात या काळात कंपन्यांनी इतकी कार्डे छापली, की संग्राहक त्या सगळ्या काळाला 'जंक वॅक्स'चा काळ म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेक कार्डांना आज बाजारात किंमत नाही. अशी कार्डे वाटेत हरवली तरी जीव हळहळत नाही. शिवाय त्या काळातले खेळाडू आज साधारण साठी-सत्तरीत आहेत, अनेकांकडे वेळ आहे आणि कोणी आठवण काढली याचा त्यांना आनंदही होतो. टॉप्स कंपनीचा १९८७ चा संच, ज्याची लाकडी फळीसारखी चौकट पाहताक्षणी ओळखू येते, या कामासाठी मला सर्वांत आवडतो. त्यात ७९२ कार्डे आहेत आणि जुन्या साठ्याच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. पूर्ण संचावर सह्या मिळणार नाहीत, हे मात्र आधीच स्वीकारावे लागते. त्यातल्या गाजलेल्या खेळाडूंपैकी कर्बी पकेट २००६ मध्ये वारला, गॅरी कार्टर २०१२ मध्ये, टोनी ग्विन २०१४ मध्ये आणि रिकी हेंडरसन डिसेंबर २०२४ मध्ये. या चौघांच्या सह्या आता बाजारातूनच घ्याव्या लागतील. त्याच संचात होम रनचा विक्रमवीर बॅरी बाँड्स याचे रुकी, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीचे, कार्डही आहे, आणि ते अनोळखी पत्त्यावर पाठवून देण्याचे धाडस मी करणार नाही.

या संचाचा आणखी एक गुण म्हणजे त्याचा कागद. जुन्या, चमक नसलेल्या पुठ्ठ्यावर शाई लगेच मुरते. नंतरच्या गुळगुळीत, चकचकीत कार्डांवर मात्र तिचे थेंब होतात किंवा सही पुसट उमटते. त्यावर उपाय म्हणून संग्राहक पाठवण्याआधी कार्डावर बेबी पावडर लावून मऊ कापडाने हलकेच पुसतात किंवा पांढरे खोडरबर फिरवतात. निळा शार्पी पेन बहुतेक कार्डांवर उठून दिसतो. छायाचित्र अगदी गडद असेल, तर चंदेरी रंगाचा पेन बरा. पेन सोबत पाठवू नये, त्याने पाकीट जाड होते.

आता प्रतिसादाविषयी. काही खेळाडू आठवड्याभरात उत्तर देतात, काहींकडून वर्षाने येते, काहींचे कधीच येत नाही, आणि काही पाकिटे पत्ता बदलल्याचा शिक्का घेऊन तशीच परतात. कोणाला पाठवले आणि किती दिवसांनी आले, याच्या नोंदी स्पोर्ट्सकलेक्टर्स डॉट नेटसारख्या ठिकाणी सदस्य ठेवतात, आणि पाठवण्याआधी त्या पाहिल्या तर बरीच तिकिटे वाचतात. काही खेळाडू सहीसाठी पाच, दहा किंवा वीस डॉलर मागतात, आणि त्यांतले कित्येक ती रक्कम एखाद्या धर्मादाय कामाला देतात. स्वतःसाठी मागणाऱ्यांवर नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८० पूर्वी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, निवृत्तिवेतन मिळण्यासाठी चार वर्षांची सेवा लागत असे. त्या वर्षापासून ती अट ४३ दिवसांवर आली, पण आधीच बाहेर पडलेल्यांना तिचा लाभ मिळाला नाही. दोन-तीन हंगाम खेळून घरी गेलेल्या त्या पिढीतल्या माणसाने सहीचे दहा डॉलर मागितले, तर मी ते विनातक्रार पाकिटात घालतो.

खरा वाद मात्र सही खरी की खोटी, याचा आहे, आणि इथे तिन्ही मार्ग एकमेकांपासून अगदी वेगळे होतात. १९९० च्या दशकात बनावट सह्यांचा धंदा इतका फोफावला, की एफबीआयने सॅन डिएगो येथून 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोठी कारवाई केली. टोनी ग्विनने तर आपल्याच संघाच्या मैदानावरच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या पाहिल्या होत्या. या प्रकरणानंतर मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वतःची प्रमाणीकरण योजना सुरू केली, ज्यात त्यांचा प्रतिनिधी प्रत्यक्ष हजर असतो आणि वस्तूवर होलोग्राम लावला जातो. म्हणून कोणतेही प्रमाणपत्र नसलेली बड्या खेळाडूची सही ऑनलाइन लिलावात स्वस्त दिसली, तर तिच्याकडे पाहूच नये. पीएसए, जेएसए आणि बेकेट या संस्था जुन्या सह्यांची तुलना करून मत देतात. ते मत तज्ज्ञांचे असले, तरी सही होताना ते तिथे नव्हते, एवढे भान ठेवावे.

टपालाने आलेली सही खोटी असण्याची शक्यता कुठे असते? विक्रेता मध्ये नसल्याने पैशासाठी फसवणुकीचे कारण उरत नाही, पण टपालाचा ढीग उपसायला खेळाडूने मदतनीस, नातेवाईक किंवा रबरी शिक्का वापरला, तर ते आपल्याला कळत नाही. क्लबहाउसमधल्या, म्हणजे संघाच्या मैदानावरच्या खोल्यांतल्या, कर्मचाऱ्यांनी बड्या खेळाडूंच्या नावाने चेंडूंवर सह्या केल्याचा इतिहास जुना आहे. जितके नाव मोठे आणि टपाल जास्त, तितका हा धोका वाढतो. ज्याला आठवड्याला दोन-चार पाकिटे येतात, त्याला सहीसाठी दुसरा माणूस ठेवायचे कारणच नसते. माझ्या आधीच्या मताचे मूळ इथेच आहे. साधारण खेळाडूची टपालाने आलेली सही तपासून घ्यायला बहुधा सहीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात, त्यामुळे ती पुढे विकण्याचा विचार असेल, तर हा मार्ग घेऊच नये.

प्रमाणित कार्डांत सर्वांत भरवशाची ती, जी कंपनीने स्वतः सही करून घेऊन कार्डांच्या विक्रीच्या पाकिटांत घातलेली असतात. ही प्रथा १९९० मध्ये अप्पर डेक कंपनीने रेजी जॅक्सनच्या २,५०० क्रमांकित सहीच्या कार्डांपासून रूढ केली. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. सही थेट कार्डावर केलेली आहे, की पारदर्शक चिकटपट्टीवर करून नंतर कार्डावर चिकटवलेली आहे, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने ते कार्ड कधी हातात धरलेलेच नसते, आणि मला तरी तो प्रकार कोरडा वाटतो. तसेच अशा विक्रीच्या पाकिटात प्रत्यक्ष कार्डाऐवजी ते नंतर मिळण्याची पावती निघू शकते, आणि ती वाट टपालाच्या वाटेइतकीच लांबू शकते. जुन्याच कार्डांवर निवृत्त खेळाडूंच्या सह्या घेऊन टॉप्सने 'आर्काइव्ह्ज सिग्नेचर सीरीज' काढली. त्यात प्रत्येक खोक्यात एक सही नक्की असते, पण ती कोणाची, हे खोके उघडल्यावरच कळते. हव्या त्या खेळाडूचे सुटे कार्ड घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

समोरासमोरच्या मार्गात सहीच्या खरेपणाविषयी शंका उरत नाही, आणि मुलाला त्या माणसाशी चार शब्द बोलता येतात. त्याबदल्यात प्रवास, रांग आणि शुल्क हे तिन्ही स्वीकारावे लागतात. जुलैच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचा सोहळा होतो, तेव्हा मेन स्ट्रीटवरच्या दुकानांपुढे अनेक जुने खेळाडू सशुल्क सह्या देत बसलेले असतात. न्यू जर्सीकडच्या कुटुंबांना ते गाडीने गाठता येते, मात्र राहण्याची सोय फार आधी करावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अॅरिझोना आणि फ्लोरिडात होणारी सराव शिबिरे त्या मानाने मोकळी असतात. प्रशिक्षक म्हणून आलेले निवृत्त खेळाडू तिथे कुंपणापाशी थांबतात, आणि तरुण खेळाडूंच्या गराड्यामुळे त्यांच्याकडे गर्दी कमी असते.

सहीच्या देखणेपणाविषयी एक उपकथा सांगण्यासारखी आहे. मिनेसोटा ट्विन्स संघाचा ५७३ होम रन मारणारा हार्मन किलब्रू आपले नाव प्रत्येक अक्षर वाचता येईल असे लिहीत असे, आणि टोरी हंटर व मायकल कडायर यांसारख्या त्याच संघातल्या तरुणांनी गिरगटलेली सही केली की त्यांना तो चक्क दटावत असे. जुन्या पिढीच्या सह्या टपालाने मागवण्यात जो आनंद आहे, त्याचा निम्मा भाग या अक्षरात आहे. आजच्या खेळाडूंच्या प्रमाणित कार्डांवर अनेकदा एक रेघ आणि एक वळसा एवढेच दिसते.

मूल आठ-दहा वर्षांचे असेल, त्याला पत्र लिहायची आणि वाट पाहायची सवय लागावी असे वाटत असेल, तर १९८७ चा संच आणि तिकिटांचा एक रोल घेऊन टपालाने सुरुवात करावी. एकाच आवडत्या महान खेळाडूची सही भिंतीवर लावायची असेल, तर कंपनीने प्रमाणित केलेले कार्ड विकत घ्यावे आणि ते उन्हापासून दूर ठेवावे, कारण शार्पीची शाई प्रकाशात फिकी पडते. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने पहिला मार्ग सोडूनच द्यावा.

महाराष्ट्रातून हा छंद करू पाहणाऱ्यांची अडचण परतीच्या तिकिटाची आहे. भारतीय तिकीट अमेरिकेतून पत्र पाठवायला चालत नाही. अमेरिकेचे 'ग्लोबल फॉरएव्हर' तिकीट तिथल्या नातेवाइकाकडून मागवून परतीच्या पाकिटावर लावता येते. पण त्याहून सोपे म्हणजे पत्र इथे लिहून नातेवाइकाकडे पाठवावे, परतीच्या पाकिटावर त्याचाच पत्ता घालावा आणि सही झालेली कार्डे तो सुट्टीत येताना घेऊन येईल, असे ठरवावे.