सायंटिफिक कॅल्क्युलेटर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

प्रोग्रॅम करता न येणारा, नॅचरल डिस्प्लेचा कॅल्क्युलेटर. अपूर्णांक वहीत लिहितो तसाच वर-खाली दिसतो, वर्गसमीकरण सुटतं, भौतिक स्थिरांक आत साठवलेले असतात. रसायन आणि भौतिकशास्त्राची सुरुवातीची गणितं सोडवायला याहून महागडं काही लागत नाही, हे मत आता पक्कं झालं आहे. फक्त तो कुठे फसवतो ते माहीत हवं, आणि फसवतो तो बहुतेक वेळा त्याच त्या जागी.

पहिली जागा म्हणजे दहाच्या घाताचं खास बटण. जुन्या मॉडेलांवर ते ‘ईएक्सपी’ नावाने असतं. १.२०४×१०^२२ रेणू म्हणजे किती मोल? एका मोलमध्ये ६.०२२×१०^२३ रेणू असतात, म्हणून तेवढ्याने भागायचं, उत्तर ०.०२. पण खास बटण सोडून गुणाकाराचं चिन्ह, मग १०, मग घात असं सुटं सुटं टाइप केलं, की यंत्र आधी फक्त ६.०२२ ने भागतं आणि आलेल्या उत्तराला १०^२३ ने गुणतं. पडद्यावर २×१०^४४ उमटतं. एवढे मोल पाणी म्हणजे ३.६×१०^४२ किलो, आणि आपला सूर्य आहे २×१०^३० किलोचा! यंत्राचं यात काही चुकत नाही. भागाकार-गुणाकार डावीकडून उजवीकडे करायचा हा नियम ते इमानेइतबारे पाळतं. खास बटणाने टाकलेली संख्या मात्र ते एकसंध धरतं. म्हणून हे बटण पहिल्या दिवसापासून बोटात बसवायला हवं.

दुसरी जागा छेदाची, आणि ही जास्त कावेबाज आहे. लोलकाची वारंवारता काढताना १ भागिले २π√(लांबी/जी) असं टाइप केलं (जी म्हणजे गुरुत्वत्वरण), तर काही मॉडेलं २π आणि पुढचं वर्गमूळ एकत्र छेदात धरतात, काही १ ला फक्त २ ने भागून पुढे गुणत जातात. आपलं कुठल्या जातीचं, हे तपासायला लोक सहज १ मीटर लांबी घेतात. खरं उत्तर ०.४९८ हर्ट्झ, चुकीच्या क्रमाने येतं ०.५०२. फरक इतका किरकोळ की मॉडेल बरोबर आहे असंच वाटावं. कारण असं, की जीचं मूल्य ९.८१ आणि π चा वर्ग ९.८७, दोन्ही जवळजवळ सारखे, त्यामुळे नेमकी याच लांबीला चूक झाकली जाते. ०.२५ मीटर घेऊन बघा: बरोबर उत्तर ०.९९७, चुकीचं ०.२५१. संपूर्ण छेद कंसात घालणं किंवा अपूर्णांकाचा साचा वापरणं, एवढाच उपाय. साचा सोयीचा, कारण मांडणी वहीतल्या ओळीशी नजरेने ताडता येते.

कोनाचा मोड सगळ्यांना माहीत असतो, तरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रेडियनमध्ये राहून साइन ३० काढलं तर −०.९८८ येतं आणि चूक लगेच कळते. ग्रेडियन मोडमध्ये (यात काटकोन १०० भागांचा असतो) मात्र ०.४५४ येतं. ३० अंशांच्या घर्षणरहित उतारावरचं त्वरण ४.९१ ऐवजी ४.४५ निघतं, आणि ते अगदी खरं वाटतं. मोड यंत्र बंद केल्यावरही तसाच राहतो. त्रिकोणमितीचं गणित सुरू करण्याआधी साइन ३० = ०.५ हे पाहून घ्यावं, दोन सेकंदांचं काम आहे.

पीएचसाठी १० पायाचा ‘लॉग’ हवा, शेजारचा ‘एलएन’ (e पायाचा, नैसर्गिक लॉग) नव्हे. हायड्रोजन आयनांची संहती ३.२×१०^−४ असेल तर पीएच ३.४९. एलएन दाबलं तर ८.०५ येतो, म्हणजे आम्ल चक्क आम्लारी होऊन बसतं. सौम्य आम्लांच्या गणितात वर्गसमीकरणाचा मोड फार उपयोगी पडला. असेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८×१०^−५ आणि संहती ०.१० मोलर (मोल प्रति लिटर) असताना हायड्रोजन आयनांच्या संहतीसाठी नेहमीचं सोपं सूत्र (या दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ) १.३४×१०^−३ देतं आणि अचूक मूळ १.३३×१०^−३ आहे, त्यामुळे सोपं सूत्र चालून जातं. संहती ०.०००१ मोलर केली की सोपं सूत्र ४.२४×१०^−५ म्हणतं आणि खरं उत्तर ३.४४×१०^−५ असतं, चूक तेवीस टक्क्यांची. विचरण, म्हणजे आम्लाचा आयनांत फुटलेला भाग, ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघालं की थेट समीकरण सोडवायचं. यंत्र दोन मुळं देतं, त्यातलं ऋण मूळ सोडून द्यायचं.

मागचं उत्तर जसंच्या तसं पुढे आणणाऱ्या ‘आन्सर’ बटणाची किंमत मोलच्या गणितात कळते. १०.० ग्रॅम फेरिक ऑक्साइडपासून किती लोखंड? १५९.६९ ने भागून ०.०६२६२ मोल, दुप्पट करून ५५.८४५ ने गुणलं की ६.९९ ग्रॅम. मधलं उत्तर ०.०६ असं वहीत उतरवून पुढे नेलं तर ६.७० ग्रॅम, चार टक्के लोखंड वाटेतच गळालं. मधले अंक यंत्रातच राहू द्यावेत, सार्थ अंकांची छाटणी शेवटी एकदाच.

जे हे यंत्र करत नाही ते म्हणजे एककं सांभाळणं. ७२ किमी/तास वेगाच्या १२०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा २,४०,००० ज्यूल. वेग २० मी/से न करता ७२ च टाकला तर ३१,१०,४०० येतं आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. वायूंच्या गणितात तर प्रत्येक पायरीला एकक लिहावंच. ४.४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २७° सेल्सिअस, १ अॅटमॉस्फिअर: आर (वायू स्थिरांक) ०.०८२०६ घेऊन आणि तापमान ३००.१५ केल्विन घालून २.४६ लिटर. दाब १०१.३२५ किलोपास्कल आणि आर ८.३१४ घेतला तरी २.४६. दोन्ही वाटांनी तेच आलं की निश्चिंत. केल्विन विसरलं तर ०.२२ लिटर निघतं, आणि ही चूक फक्त वहीत लिहिलेल्या एककांमुळे पकडता येते.

साठवलेल्या स्थिरांकांबद्दल: २०१९ मध्ये एसआय एककांच्या व्याख्या बदलल्या आणि अॅव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, ६.०२२१४०७६×१०^२३ असा नेमका ठरला. जुन्या मॉडेलात शेवटचे अंक वेगळे दिसतात. तीन-चार सार्थ अंकांच्या गणिताला त्याने काही फरक पडत नाही, तेवढ्यासाठी नवं घेऊ नये.

उत्तर वर्गमूळात किंवा अपूर्णांकात आलं तर दशांशात बदलायचं वेगळं बटण असतं, ते आधीच शोधून ठेवावं. सेटिंग बिघडलंय असं वाटलं की फक्त ‘सेटअप’ रीसेट करावा. ‘मेमरी’चा पर्याय निवडला तर साठवून ठेवलेली आर आणि मोलर वस्तुमानं पुसली जातात.