घरच्या घरी कॉम्प्युटर तपासायचाय? पैसे आधी कशावर घालावेत

नंदगड-जांबोटीकडच्या माणसाचा कॉम्प्युटर बंद पडला की सीपीयू पिशवीत घालून बसनं बेळगाव गाठावं लागतं. दुकानदार म्हणतो, "ठेवून जावा, बघून फोन करतो." म्हणजे दुसरी फेरी आलीच. बिघाड नेमका कुठं आहे हे घरीच कळलं, तर यातली निदान एक फेरी वाचते.

विकतच्या सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो. 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट', ड्रायव्हर अपडेटर (ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम), रजिस्ट्री क्लीनर (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) यांवर रुपयाही घालू नका. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या साइटवरून फुकट मिळतात, आणि रजिस्ट्री क्लीनर वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते.

पहिली खरेदी 32 जीबीच्या पेन ड्राइव्हची. त्यावर व्हेंटॉय बसवायचं, म्हणजे त्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करता येतो (आधीचं सगळं पुसलं जातं, ध्यानात ठेवा). मग लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टीम) आणि मेमटेस्ट86+ (रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, तपासणारं साधन) यांच्या आयएसओ फायली (अख्खी सीडी एका फायलीत) नुसत्या कॉपी करायच्या. विंडोज चालू होत नसेल तर पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. ते नीट चाललं, तर बिघाड बहुतेक विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. डिस्क दिसत असेल तर फोटो, सातबारा, मुलांचे दाखले तिथूनच दुसरीकडे काढून घ्या.

डिस्कसाठी लोक सरळ चेकडिस्क (विंडोजमधलीच chkdsk ही कमांड) चालवतात, आणि इथंच घात होतो. चेकडिस्क फायलींची मांडणी दुरुस्त करतं, डिस्कची तब्येत सांगत नाही. त्यात /r लावलं की अख्खी डिस्क वाचली जाते. मरायला टेकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम मात्र डिस्कनं स्वतः ठेवलेली नोंद दाखवतं: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. हार्ड डिस्कच्या 05 आणि सी5 (C5) या खराब जागा मोजणाऱ्या ओळींतला शेवटचा आकडा शून्याच्या वर चढत असेल, तर आधी डेटा हलवा, दुरुस्तीचं नंतर.

रॅमसाठी विंडोजचं स्वतःचं साधन हाताशी असतं, सर्चमध्ये mdsched (एमडीशेड) टाईप केलं की उघडतं. पण त्यातून पास झालेली रॅम मेमटेस्टमध्ये नापास झालेली मी बघितली आहे. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक निघाली तर पट्ट्या एकेक करून तपासा.

त्याआधी एक खोडरबर घ्या. आषाढात खानापूरला मामाकडं कॉम्प्युटर नुसता बीप करत होता, पडद्यावर काही नाही. प्लग काढला, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, अंगातली वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि रॅमची पट्टी ओढून काढली. सोनेरी पिना दमट हवेनं काळवंडल्या होत्या. पोराच्या दप्तरातल्या रबरानं हलकेच घासल्या, चुरा झटकला, क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवली. चित्र आलं! तिकडच्या पावसात हे दरवर्षीचंच.

दुसरी खरेदी मीटरची. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा. तो तपासायचा एसएमपीएस टेस्टर वापरायला सोपा, वायर लावली की आकडे दिसतात. पण तो एवढ्याच कामाचा, आणि काही वेळा लोड नसताना बरा दिसणारा एसएमपीएस लोड आल्यावर बसतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरनं चालू कॉम्प्युटरच्या चार पिनांच्या प्लगवरच मोजता येतं: काळी-पिवळी 11.4 ते 12.6 व्होल्ट, काळी-लाल 4.75 ते 5.25. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. घड्याळ मागं पडत असेल तर बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेलही त्याच मीटरनं बघता येतो. म्हणून मी मीटरच घ्यायला सांगेन. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

लॅपटॉपच असेल तर मीटरची घाई नको. पेन ड्राइव्ह आणि बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर एवढं पुरे, कारण तिथं तुमच्या हातात बहुधा रॅम, डिस्क आणि पंख्यातली धूळ एवढंच येतं.