गिम्पमध्ये हलते अवतार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डोळे मिचकावणारा चेहरा किंवा हात हलवणारी बाहुली, एवढ्या हलत्या अवताराला (प्रोफाइलच्या चित्राला) गिम्प हे चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर पुरून उरतं, आणि तेही फुकटात. टाइमलाइन मात्र नाही. लेयर (चित्राचा थर) हीच फ्रेम (हालचालीतलं एक चित्र) : सगळ्यात खालचा लेयर आधी दिसतो, मग त्यावरचा. चार ते आठ फ्रेमच्या कामात ही साधी रचना सोयीचीच पडते. वीस-पंचवीस फ्रेम झाल्या की डोकं उठतं.

वेळ लेयरच्या नावातच लिहायची. नावापुढे कंसात आकडा आणि त्याला लागून एमएस (इंग्रजीत ms, म्हणजे मिलिसेकंद). आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर गिम्प तो आकडा ओळखत नाही आणि एक्स्पोर्टच्या चौकटीतली वेळ लावतं, जी मुळात १०० मिलिसेकंद असते. मिचकावण्यासाठी जमलेला हिशेब असा : उघडे डोळे ३०००, अर्धे मिटलेले ६०, पूर्ण मिटलेले १२०, पुन्हा अर्धे ६०. उघड्या डोळ्यांची वेळ कमी केली की चेहरा झोपाळू दिसतो. जीआयएफ (हलत्या चित्राच्या फाइलचा प्रकार) वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतं, म्हणून आकडे दहाच्या पटीत ठेवावेत. वेग वाढवायच्या नादात १० लिहिलं तर बहुतेक ब्राउझर ते १०० धरतात आणि हालचाल उलट मंदावते.

वेळेनंतर दुसऱ्या कंसात कम्बाइन किंवा रिप्लेस लिहिता येतं, अर्थात इंग्रजीतच. कम्बाइनमध्ये नवी फ्रेम जुनीवर चिकटते, त्यामुळे पापण्यांसाठी डोळ्यांपुरता तुकडा काढला की भागतं. पण पार्श्वभूमी पारदर्शक असेल आणि हात हलत असेल तर आधीचा हात पुसला जात नाही, एका बाहुलीला चार हात दिसतात. तिथे प्रत्येक फ्रेम पूर्ण काढायची आणि रिप्लेस लिहायचं.

सर्वाधिक वेळ खाते ती पारदर्शकता. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही. ब्रशने काढलेल्या मऊ कडेवरचे अर्धपारदर्शक पिक्सेल त्यामुळे बिघडतात आणि कड करवतीसारखी दातेरी होते. उपाय दोन. ब्रशऐवजी पेन्सिल टूल वापरायचं, किंवा जिथे अवतार लावायचा त्या पानाचा रंग बॅकग्राउंड कलर म्हणून निवडून लेयर मेनूतल्या ट्रान्सपरन्सीमधलं सेमी-फ्लॅटन चालवायचं. दुसऱ्या उपायाची गोम अशी की पांढऱ्या पानासाठी जुळवलेली कड डार्क मोडमध्ये पांढऱ्या झालरीसारखी उठून दिसते. खरं तर अवतारामागे सरळ एखादा सपाट रंग भरावा. निम्मी कटकट तिथेच संपते.

चित्र ५१२ × ५१२ वर काढून शेवटी १२८ वर आणणं चांगलं, पण इंडेक्स्ड मोडमध्ये (रंग मोजक्या ठरावीक यादीपुरते ठेवणारा मोड) जाण्याआधी. इंडेक्स्ड झाल्यावर आकार बदलला तर रंगांची सरमिसळ होत नाही आणि रेषा तुटतात. पिक्सेल आर्ट असेल तर मात्र इंटरपोलेशन (आकार बदलताना मधले रंग ठरवायची पद्धत) नन ठेवावं. रंग जास्तीत जास्त २५६. सपाट रंगांच्या चेहऱ्याला ३२ पुष्कळ होतात. डिदरिंग (ठिपक्यांनी मधल्या छटांचा भास देणं) बंद ठेवावं. फोटोवरून बनवलेल्या अवताराला ते लागलंच तर पोझिशन्ड निवडावं. फ्लॉइड-स्टाइनबर्ग हे दुसरं डिदरिंग दर फ्रेमला ठिपके वेगळे टाकू शकतं, मग स्थिर गालसुद्धा मुंग्या आल्यासारखा चमचमतो आणि फाइलही फुगते.

फिल्टर्समधल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्लेबॅकने पाहून घ्यावं, मग तिथलंच ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ. ते नवीन प्रत उघडतं आणि बदललेला भागच प्रत्येक लेयरमध्ये ठेवतं. दुरुस्ती नेहमी मूळ एक्ससीएफमध्ये (गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये) करायची; या कापलेल्या लेयरवर काम करणं म्हणजे डोकेदुखी. एक्स्पोर्ट करताना अ‍ॅज अ‍ॅनिमेशनवर खूण करायला विसरलं तर हाती स्थिर चित्र येतं.

मोठी उणीव म्हणजे आधीची फ्रेम पुसट दाखवणारी ओनियन स्किनची सोय. वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करून भागवता येतं, फक्त एक्स्पोर्टपूर्वी ती परत १०० करायची. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत अनेक लेयर एकत्र निवडून हलवता येतात. डोकं दोन पिक्सेल खाली घ्यायचं तर आता आठ वेळा तेच करावं लागत नाही.

आणि काम सुरू करण्याआधी अवतार कुठे लावायचा ते पाहा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर हलता अवतार नायट्रो ही वर्गणी पैसे भरून घेतली तरच चालतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रोफाइलवर चित्र स्थिरच राहतं. अशा ठिकाणी पहिलीच फ्रेम दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून मिटलेले डोळे कधीही तळाच्या लेयरवर ठेवू नयेत.