स्वाकोपमुंड की वॉल्विस बे? नामिबियाच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे टाकायचा

नामिबियाचा प्लॅन करताना वाळूच्या उंच टेकड्यांचं सोसुसव्ले ठरतं, प्राण्यांचं अभयारण्य एटोशा ठरतं आणि किनाऱ्यावरच्या दोन-तीन रात्रींपाशी गाडी अडते. दोन गावं, मधे जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला नामिब वाळवंटाच्या टेकड्या, मग फरक तो काय? माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत फॅमिली असेल तर स्वाकोपमुंड, आणि पक्षी, फोटो, कॅमेरा हे वेड असेल तर डोळे मिटून वॉल्विस बे. पण ही दोन गावं अशी वेगवेगळी का झाली ते कळलं की निवड आपोआप सोपी होते, म्हणून थोडा इतिहास.

या अख्ख्या किनाऱ्यावर जहाजाला नीट आसरा मिळेल अशी मोठी जागा म्हणजे वॉल्विस बे, पेलिकन पॉइंट नावाची वाळूची लांब जीभ समुद्रात गेलीय आणि तिच्या आडोशाला पाणी शांत असतं. बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज दर्यावर्दी 1487 साली इथे येऊन गेला होता. 1878 मध्ये ब्रिटिशांनी हा तुकडा ताब्यात घेतला आणि पुढे केप कॉलनीला, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतीला, जोडून टाकला. नंतर जर्मनांनी आजूबाजूचा सगळा मुलूख घेतला पण नेमकं हे बंदर काही त्यांना मिळालं नाही, मग करणार काय, 1892 मध्ये स्वाकोप नदीच्या मुखाशी, जिथे बंदराला लागतं तसलं काहीही नव्हतं तिथे त्यांनी स्वतःचं बंदर काढलं. म्हणजे स्वाकोपमुंड जन्मलंच मुळी वॉल्विस बे हाती लागलं नाही म्हणून!

आणि समुद्राने त्यांना काही दाद दिली नाही. 1903 साली दगडी धक्का बांधून झाला, थोड्याच वर्षांत वाळूने भरून गेला. मग लाकडी जेटी, मग 1912 पासून लोखंडी जेटी, ती पहिल्या महायुद्धाने अर्धवटच राहिली. आज संध्याकाळी लोक फिरायला जातात ती हीच जेटी. गावाबाहेर एक वाफेचं इंजिन ठेवलंय, 1896 मध्ये बैलगाड्यांऐवजी माल ओढायला आणलेलं, ते वाळवंटात बंद पडलं ते पडलंच, लोकांनी त्याचं नाव मार्टिन ल्यूथर ठेवलं कारण 'मी इथे उभा आहे, दुसरं काही करू शकत नाही' हे वाक्य ल्यूथरचं म्हणून प्रसिद्ध आहे 😄

बंदर फसलं पण गाव देखणं राहिलं. वोएर्मान हाउस ही जुनी जर्मन इमारत, 1901 चं रेल्वे स्टेशन (आता तिथे हॉटेल आहे), दीपगृह, बेकऱ्या, सगळं पायी फिरण्यासारखं. मुख्य रस्ता पूर्वी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या नावाचा होता, आता नामिबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांच्या. मात्र नुसते केक खाऊन निघू नका प्लीज. 1904 ते 1908 मध्ये जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला त्यातली एक छळछावणी याच गावात होती, कैद्यांकडून जहाजांचा माल उतरवून घ्यायचे. दफनभूमीत जर्मनांच्या नावानिशी नीटनेटक्या कबरी आणि त्याच्या पलीकडे वाळूचे नुसते उंचवटे, ना दगड ना नाव. जर्मनीने याला वंशसंहार म्हणून मान्य केलं ते थेट 2021 मध्ये.

वॉल्विस बे दिसायला अगदी साधं, सरळ रस्ते, क्रेन, मासळीचे कारखाने, कामाचं गाव. पण इतिहासात तेही कमी नाही. 1990 मध्ये नामिबिया दक्षिण आफ्रिकेपासून स्वतंत्र झाला तरी हे बंदर तिने सोडलं नाही, त्यामुळे या दोन शेजारी गावांमध्ये चक्क आंतरराष्ट्रीय सीमा होती, 1 मार्च 1994 ला ती संपली. आता देशाचं मुख्य बंदर तेच, 2019 मध्ये नवीन कंटेनर टर्मिनलही झालं.

तिथे राहायचं कारण म्हणजे लगून, समुद्रालगतचं उथळ, शांत पाणी. फ्लेमिंगो किनाऱ्यावरच्या रस्त्यावरून दिसतात, तिकीट नाही की गाईड नाही, पायाने चिखल ढवळत चोच उलटी करून चरत असतात, आणि पुढे मिठागरांचं पाणी गुलाबी. सँडविच हार्बरच्या (जिथे वाळूच्या टेकड्या थेट समुद्राला भिडतात) फोर-बाय-फोर टूर आणि सील-डॉल्फिनच्या बोटी बहुतेक इथूनच निघतात. स्वाकोपकडे स्कायडायव्हिंग, क्वाड बाइक, वेलविचिया या वाळवंटी झाडाची मैदानं. खाण्याचा पर्याय स्वाकोपला जास्त, पण शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे किचनवाला फ्लॅटच घ्यावा, सगळीकडे मासे आणि मटण.

हवा दोन्हीकडे सारखीच विचित्र. बेंग्वेलाचा थंड प्रवाह आहे त्यामुळे वर्षाचा पाऊस वीस मिलिमीटरच्या आतबाहेर, पण सकाळी धुकं इतकं की समोरची गाडी दिसत नाही. वाळवंट म्हणून सुती कपडे घेऊन जाणारे तिथे जाऊन जॅकेट विकत घेतात. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, मधेच पूर्वेचा गरम वारा सुटतो आणि गाडीचा रंग खरवडून निघेल इतकी वाळू उडते, भाड्याची गाडी असेल तर सँड डॅमेजचा इन्शुरन्स नीट वाचा. वॉल्विस बेला कधी कधी समुद्रातून सडक्या अंड्याचा वास येतो, तो गटाराचा नाही, तळातून वर येणारा सल्फरचा गॅस आहे, एक-दोन दिवसांत जातो.

डिसेंबरमध्ये राजधानी विंडहुकचे लोक उकाड्याला कंटाळून स्वाकोपला येतात, रूम मिळत नाहीत, तेव्हा वॉल्विस बे किंवा मधलं लँगस्ट्रँड बघा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. स्वाकोपला राहून वॉल्विसची बोट पकडायची असेल तर धुक्याचा हिशोब धरून लवकर निघा, आणि दुपारची ट्रिप घेऊ नका, तोपर्यंत वारा चढतो आणि ज्याला बोट लागते त्याचे हाल होतात.