आईला मोठ्याने वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मनातल्या मनात वाचताना आपण लेखकाला बरंच माफ करतो. वर्णन लांबलं की डोळा दोन ओळी पुढे सरकतो, नाटकी संवाद आला की भरभर उरकतो. मोठ्याने वाचताना ही सोय नसते. आईला आता बारीक टाइप झेपत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून रात्री जेवणं आटोपली की मी तिला वाचून दाखवते. एक ऐतिहासिक, मग एक अलीकडची, असा साधारण क्रम ठेवला आहे. आधी ऑडिओबुक लावून पाहिलं होतं. दर प्रसंगाला मागे तुतारी वाजायला लागल्यावर आईने सांगितलं, "बंद कर ते, लग्नाच्या हॉलात बसल्यागत वाटतंय."

आई वाळवा तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. कुठलीही कादंबरी ऐकताना तिचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ह्यांचं भागतं कशावर?" सुरुवातीला मला हसू यायचं. आता मीही पुस्तकं याच प्रश्नावर जोखते.

सुरुवात 'स्वामी'पासून केली, कारण ती घरात होती. थोरल्या माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ ची, तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचून दाखवायला अशी दुसरी कादंबरी नाही. वाक्यं तोंडात बसतात, कुठे श्वास घ्यायचा ते आपोआप कळतं. रमा-माधवाच्या प्रसंगांना आईचे डोळे भरून यायचे आणि थेऊरच्या शेवटाला तर माझाच आवाज फुटेना. पण दहा-पंधरा रात्रींनंतर जाणवतं की इथे सगळे एकाच तोलात बोलतात. पेशवे, कारभारी, नोकर, सगळ्यांच्या तोंडी तीच घोटीव भाषा. पानिपतानंतर गादीवर आलेल्या पोराच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, घरात काका होता. हे कादंबरीत आहे, पण तिचा जीव अडकलाय तो दिवाणखान्यात आणि देवघरात. आईचं मत: "लई गोड. पण वाड्याबाहेर जातच नाही."

देसाईंच्याच, शिवाजी महाराजांवरच्या 'श्रीमान योगी'बद्दल एवढंच सांगते की आम्ही दोघीही सर्वांत जास्त रंगलो ते प्रस्तावनेत. नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच तिथे छापलं आहे. कादंबरी सुरू होण्याआधीच कादंबरीकाराला इतके अडचणीचे प्रश्न विचारणारा माणूस, आणि ते प्रश्न पुस्तकातच छापणारा लेखक, या दोघांचंही कौतुक वाटतं.

मग 'पानिपत'. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ ची. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे शाळेत पाठ असतं, आणि म्हणून मला वाटलं होतं की युद्धाचा भाग सर्वांत रंगेल. झालं उलटंच. आई अडकली ती आधीच्या दोन-अडीच महिन्यांत. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेने कुंजपुरा घेतला, तिथला धान्यसाठा हाती लागला, आणि तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला. दिल्लीकडची वाट बंद झाली. आता छावणीत लाखभर तोंडं, त्यांत लढणारे किती आणि यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे किती! आईने लगेच विचारलं, "आणि जनावरं? वैरण कुठनं?" उत्तर पुस्तकातच होतं. रसद आणि पैका पाठवायची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर. डिसेंबरात बुंदेले मारले गेले आणि छावणीचा गळाच आवळला गेला. त्या पुढची पानं मी वाचत होते तेव्हा आई मधूनच हिशेब करायची: एका घोड्याला दिवसाला किती चारा लागतो, बैलाला किती, उपाशी जनावर किती दिवस उभं राहतं. शेवटी म्हणाली, "म्हणजे भाऊ लढायला निघाला तो उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून." इतिहासकारही याहून फार वेगळं सांगत नाहीत.

तक्रारही आहे. पाटलांना उपमांचा सोस भारी. एकाच वाक्यात तीन-तीन आल्या की वाचणाऱ्याला धाप लागते. मी काही काही ठिकाणी दोन गाळून एकच वाचायचे. आईला पत्ता लागला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

पेशवाईच्याच काळातली नंदा खरेंची 'अंताजीची बखर' मात्र वाचून दाखवताना खूप हसलो. निवेदक कुणी सरदार नाही, स्वतःची कातडी वाचवत सगळं पाहणारा मतलबी माणूस. सगळे जयजयकार करत असताना हा बाजूला उभा राहून कुणाला किती मिळालं ते बघतो. आईच्या भाषेत, "हा आपल्यातला." ऐतिहासिक कादंबरी म्हणजे छाती फुगवायचं साधन अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना ही रुचणार नाही.

अलीकडच्यांपैकी सदानंद देशमुखांची 'बारोमास' आधी घेतली. वऱ्हाडातलं शेतकरी कुटुंब, शिकून घरी बसलेला एकनाथ, नोकरीसाठी संस्थेत मोजायचे पैसे नाहीत, शेतीत टाकलेला पैसा परत येत नाही. पुस्तक अस्सल आहे, २००४ चा अकादमी पुरस्कार उगाच नाही मिळाला. पण एका रात्री आईने हात वर करून थांबवलं. "हे मला ठाऊक हाय. झोपताना नको." उरलेली आम्ही रविवारी दुपारी, चहा घेत वाचली. ही दिवसा वाचायची कादंबरी आहे.

धरणाच्या विषयावर आम्ही दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या आणि ते फार चांगलं झालं. पहिली विश्वास पाटलांची 'झाडाझडती', १९९१ ची. लेखक तेव्हा स्वतः सरकारी अधिकारी, त्यामुळे कचेरीची आतली खडानखडा माहिती. नोटिसा, पंचनामे, मोबदला, लाभक्षेत्रातल्या जमिनी, आणि मधल्यामध्ये खाणारे. माणसं पुष्कळ, गर्दी सावरताना वाचणाऱ्याची दमछाक होते, पण राग पक्का आहे. आईच्या माहेराजवळ चांदोलीच्या धरणग्रस्तांची वसाहत आहे. ती बोलायला लागली, की त्या लोकांना मिळालेली जमीन मुरमाड, पाणी नाही, बायका घागरी घेऊन आमच्या विहिरीवर यायच्या, आणि आमच्यातलीच काही माणसं त्यांना हाकलायची. इतक्या वर्षांत हे तिने घरात कधी काढलं नव्हतं.

दुसरी कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ चा अकादमी पुरस्कार. इथे कचेरी जवळजवळ नाहीच. विस्थापित झालेला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या, ओस गावाकडे जातो, आणि म्हैस आता रानटी झाली आहे. तो आणि ती, बस्स. कोल्हापूरकडची बोली, लांब लांब वाक्यं. माझं वाचन पुण्यातलं, सपक. आई दर पानावर हेल सुधारून द्यायची. एका प्रसंगाला तर तिला राहवेना. म्हशीला हाळी कशी घालतात ते तिने खुर्चीत बसल्या बसल्या करून दाखवलं, तर शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. जनावराच्या अंगावर नजर ठेवून पुढे सरकणं, दावं हातात तयार ठेवणं, वाऱ्याची दिशा बघणं, हे सगळं खोतांनी इतकं बारकाईने लिहिलंय की आईने त्यात एकही चूक काढली नाही. शेतीवरच्या पुस्तकांत ती चुका काढतेच. 'झाडाझडती' वाचून धरण कळतं, 'रिंगाण' वाचून सोडलेलं गाव कळतं. एकच घ्यायची असेल तर माझं मत 'रिंगाण'ला.

प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' मोठ्याने वाचायला जमली नाही, कथन फार वळणं घेतं. मी एकटीने वाचली, आवडली, पुन्हा वाचणार आहे.

सध्या रंगनाथ पठारेंचं 'सातपाटील कुलवृत्तांत' चालू आहे. एकाच घराण्याच्या पिढ्या धरून सुमारे सातशे वर्षांचा पट, म्हणजे ऐतिहासिक आणि अलीकडची हा आमचा क्रमच मोडीत निघाला. काही शतकं पळतात, काही रेंगाळतात. लढायांपेक्षा कोण कुठे गेला, कुणाशी घर बांधलं, जमीन कशी मिळाली आणि कशी गेली, याची त्यात जास्त चौकशी आहे, त्यामुळे आई खूश आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. जाड कादंबऱ्यांची बांधणी आधी हातात घेऊन बघा. आम्ही घेतलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीची पानं पहिल्याच वाचनात सुट्टी झाली, आता ती रबरबँड लावून ठेवलीय. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. वाचनालयातली जुनी, कापडी पाठीची प्रत मिळत असेल तर तीच आणा, टाइपही बहुतेक वेळा मोठा असतो.